दोराला हात लावणाऱ्याचा वाटा

बांद्याच्या बाजूच्या एका कॉलेजातून मला फोन आला तेव्हा मी सोलकढीसाठी नारळ खवत होते. प्राचार्य भलतेच अदबीनं बोलत होते. मुलांसमोर तासभर बोलायचं, विषय 'अतिमूल्यवान कंपन्या उभारणाऱ्या संस्थापकांचे समान गुण'. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, मला कंपन्यांमधलं काय कळतंय? तर म्हणाले, "असं कसं बाई, तुम्ही तिच्या सख्ख्या मावशी. तुम्ही तिला जवळून पाहिलंय."

पाहिलंय खरं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, हिची कंपनी आता इतक्या किमतीची झाली आहे, की पेपरात तो आकडा वाचताना मला एकेका शून्यावर बोट ठेवत जावं लागलं. गणिताच्या बाईंवर ही वेळ. त्या दिवसापासून मालवणात माझाही भाव वधारला. दूधवाला म्हणतो, "बाईनू, तुमका पयल्यापासून ठावक असतला." आणि मी मान हलवते. आता तीच मान कॉलेजात जाऊन तासभर हलवायची होती.

मी हो म्हटलं आणि कपाटातल्या जुन्या कागदांत एक कात्रण शोधायला लागले. सापडलं. रविवारच्या पुरवणीतला लेख, यशस्वी संस्थापकांचे दहा गुण, आणि प्रत्येक गुणासमोर माझ्या लाल पेनानं केलेली बरोबर-चूक. खाली एकूण: दहापैकी दोन. हा माझ्या भाचीचा निकाल होता, आणि तो मी तिला तिच्या तोंडावर वाचून दाखवला होता.

त्याचं असं झालं. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती गावी परत आली, आणि तिच्या घरी मोबाईलला रेंज नाही म्हणून माझ्या पडवीत येऊन बसायला लागली. एक दिवस मला म्हणाली, "मावशे, होडी बंदराक लागायच्या आदीच मासे विकले गेले तर?" मग तिनं समजावून सांगितलं. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, समुद्रातूनच मासळीचा फोटो पाठवणार, मोबाईलला रेंज मिळाली की तो किनाऱ्यावर दिसणार, आणि मासळी विकणाऱ्या बायका, हॉटेलवाले, घरगुती गिऱ्हाईकं आधीच ठरवून ठेवणार कोणाला काय हवं ते. मासे उन्हात पडून राहायचे नाहीत, आणि संध्याकाळी मिळेल त्या भावात टाकून द्यायची पाळी कोणावर यायची नाही.

मी नुकताच तो लेख वाचला होता. तेव्हा तिची तोंडी परीक्षा घेतली. संस्थापक पहाटे उठतो. ही आठला उठते, तेही आईनं पंखा बंद केला तर. संस्थापक कॉलेज अर्धवट सोडतो; हिनं पूर्ण केलं, कारण मी मानगुटीवर बसले होते. संस्थापकाला खाण्यापिण्याची शुद्ध नसते. हिच्या ताटात बांगड्याचं तिखलं असलं की भात तिसऱ्यांदा येतो. आणि सगळ्यात मोठा गुण, संस्थापक गर्दी मागे टाकून एकटा पुढे जातो. ही बाजारात मिरच्या आणायला जाताना वाटेत तीन घरी थांबणारी मुलगी. त्या गुणासमोर मी इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला. हट्टीपणाचा आणि तब्येतीचा असे दोन गुण तेवढे तिच्या पदरात पडले.

तिनं निकाल ऐकून घेतला आणि उलट मलाच बरोबर बोलावलं, म्हणाली, "बरा. तू माझ्यावांगडा ये गो मावशे. गणित तुझा, बाकी सगळा माझा."

मी हसले. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पेन्शन सुरू होती, आणि या वयात मासळीच्या फोटोंमागे धावायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "मी काठार बसान बघतंय. तुका पोवता येता काय ता तरी कळात." तीसुद्धा हसली. दुसऱ्यांदा काही तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ही आठला उठणारी मुलगी साडेपाचला बंदरावर. मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या काकीकडून. सगळं गाव तिला काकी म्हणतं, वयानं मोठी असून मीसुद्धा. काकी पाटी उतरवून म्हणाली, "बाईनू, तुमच्या चेडवान माका येडा केल्यान. एकच प्रश्न तीन दिवस इचारता. पयल्या दिवशी मी खोटा सांगितलंय, दुसऱ्या दिवशी अर्धा खरा, तिसऱ्या दिवशी कंटाळान सगळा सांगून टाकलंय."

सगळं म्हणजे कुठलं हॉटेल सुरमई मागतं आणि पैसे देताना बांगड्याचा भाव काढतं, कुठल्या घरी पाहुणे आले की फोन येतो, कुठला तांडेल वजनात खरा. चाळीस वर्षांचं ज्ञान. तेवढ्यासाठी माझी भाची चार महिने बंदरावर चिखलात उभी होती. मी तिच्या आईला म्हटलं, नोकरी गेली, आता अक्कलही चालली.

पुण्याहून तिचा भागीदार आला. हा मूळचा नागपूरचा, मासे खाणं तर सोडाच, मासे ओळखताही येत नव्हते. त्याला सगळे मासे चांदीच्या रंगाचे आणि डोळे उघडे ठेवून बघणारे वाटत. पण मशीनवरचं त्याचं काम चोख. भाची देवगडच्या होड्या जुळवायला पंधरा दिवस तिकडे राहिली होती तेव्हा हा माझ्या पडवीत एकटाच बसून घाम गाळत होता. काय झालंय ते सांगेना. शेवटी चहा ठेवताना मीच स्क्रीनवर बघितलं. रेघ छान वर वर जात होती आणि दर आठवड्याला एकदा धपकन खाली पडत होती. म्हणाला, मावशी, दोन आठवडे झाले, दोष सापडत नाही, एका ठराविक दिवशी मशीन ऑर्डरच घेत नाही.

मी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"सोमवारी."

"अरे, सोमवारी इथे मासे कोण खातं?"

त्यानं कपाळावर हात मारला तो इतका वेळ तिथेच ठेवला की चहा गार झाला. मग त्यानंच मला विचारलं, "आणि गुरुवारी रेघ अर्धी पडते ती?" म्हटलं, तोही वार पाळणारे आहेत. संकष्टीचं मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, एकदम सगळं झेपलं नसतं.

भाची परत आल्यावर पोट धरधरून हसली. आणि हसता हसताच वही काढली. मालवणातल्या ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत सोमवारी मासे शिजतातच, बांद्याच्या पलीकडे गोव्यात तर काही प्रश्नच नाही. संध्याकाळपर्यंत सोमवारच्या मासळीला तिनं तिकडची वाट करून दिली होती. चूक सापडली की लोक ओशाळतात. हिला भूक लागत असे. त्या दिवशी तिनं भात चारदा घेतला.

आता रापणीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं म्हणजे रापण. होडीतून ते अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं वाळूवरून ओढत आणतात. तास दोन तास चालतं. मासे आले की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आणि रीत अशी की वाटेनं जाणारा कोणी येऊन दोराला लागला, तर त्यालाही मूठभर का होईना, मिळतं. रिकाम्या हातानं त्याला पाठवत नाहीत. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलं मी तरी कधी बघितलं नाही.

माझ्या भाचीनं कंपनी कागदावर आणली तेव्हा हेच केलं. काकी आणि बंदरावरच्या आणखी आठ बायका रोज गिऱ्हाईकं जोडत होत्या, तांडेलांना तयार करत होत्या, भांडणं मिटवत होत्या. त्यांना पगार द्यायला हिच्याकडे काही नव्हतं. म्हणून तिनं नऊजणींना कंपनीत वाटा दिला. नखाएवढा नव्हे, चांगला घसघशीत. मी ऐकून डोक्याला हात लावला. म्हटलं, पाटीवर मासे विकणाऱ्या बायका कंपनीच्या मालकिणी? हे त्या लेखात कुठे लिहिलंय?

कंपनी दीड वर्षाची झाली आणि बंगळुरूहून एक गुंतवणूकदार आला. माणूस सभ्य, बूट इतके पांढरे की अंगणात पाय ठेवताना मलाच काळजी. नेमका सोमवारी आला. त्याला वाटलं होतं मालवणात आलो म्हणजे सुरमई मिळेल, आणि मी त्याच्यापुढे काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे ठेवले. बिचारा आवडीनं जेवला. जेवता जेवता त्यानं मला विचारलं, लहानपणी हिच्यात असं काय वेगळं दिसायचं? मी म्हटलं, फार खायची.

जेवण झाल्यावर त्यानं आपलं म्हणणं मांडलं. काम उत्तम आहे, पैसे द्यायला तो तयार आहे, पण कंपनीचे इतके मालक चालणार नाहीत. नऊ बायकांकडून वाटे परत घ्या, त्यांना हातात थोडे पैसे द्या, मोकळं करा. संस्थापकानं कठोर व्हायला शिकलं पाहिजे, असंही म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला निघायचं होतं, तोवर उत्तर हवं होतं. कंपनीकडचे पैसे तीन महिन्यांत संपणार होते हे त्या पडवीत बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

तो गेल्यावर भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगावं? मी सांगितलं, "देवन् टाक पैशे आनी सोडव. काकीक इतके पैशे जन्मात गावले नसतले, ती खूश जातली." मला खरोखर तसं वाटत होतं. नागपूरवाला म्हणाला, "मी तिचं ऐकेन," आणि लॅपटॉप बंद केला.

सकाळी तिनं पाहुण्याला गाडीत घातलं आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावर नेलं. मी मागच्या सीटवर. रापण लागली होती. तिनं त्याला बूट काढायला लावले आणि दोराशी उभं केलं. त्याला वाटलं, फोटोसाठी. पण दोर हातात आला की सोडवत नाही. पुढचा ओढतो, मागचा ओढतो, मधल्याला ओढावंच लागतं. पंधरावीस मिनिटांत त्याचा शर्ट पाठीला चिकटला आणि तो लहान मुलासारखा ओरडायला लागला. मी वर सुरूच्या सावलीत उभी राहून बघत होते. जाळं वर आलं, तारले आणि बांगडे उसळत होते. वाटे पडले तेव्हा रापणीच्या म्हाताऱ्यानं पाच बांगडे उचलून त्याच्या हातात दिले. हा नको नको म्हणतोय, मी काय केलं, शेवटी शेवटी आलो.

म्हातारा म्हणाला, "दोराक हात लावलंस मां? मगे ह्यो तुझो वाटो."

भाचीनं त्याला ते हिंदीत समजावून सांगितलं आणि म्हणाली, "माझं उत्तर हेच आहे." तो हातातले मासे सांभाळत हसला. म्हणाला, फार सुंदर आहे, घरी सगळ्यांना सांगेन. आणि पैसे द्यायचे नाहीत असं ठरवून निघून गेला. बांगडे त्यानं ड्रायव्हरला दिले.

ते वर्ष वाईट गेलं. नागपूरवाल्यानं पुण्यातली दुसरी कामं घेऊन पोट भरलं. भाची माझ्याकडे जेवायची आणि भात एकदाच घ्यायची, ते मला बघवत नव्हतं. मी तीनदा तिला नोकरीच्या जाहिराती दाखवल्या. ती म्हणायची, "मावशे, आजून दोर तुटाक नाय."

दोर तुटला नाही तो त्या नऊजणींमुळे. त्यांच्या डोक्यात कोणी हे घातलं नव्हतं. आपल्या मालकीचं म्हणून त्यांना सुचलं. काकीची मुलगी विजयदुर्गाला दिलेली, तिनं तिकडच्या बंदरावर फोटो सुरू केले. दुसरीचं माहेर वेंगुर्ल्याला. तिसरीची नणंद कारवारला. चौथीच्या शेजारणीचा भाऊ मडगावात मासळीचा व्यापारी. जिथे जिथे मुली दिल्या होत्या आणि सुना आणल्या होत्या तिथे तिथे कंपनी पोचली. जाहिरातीवर एक रुपया खर्च नाही. पगारी माणसं ठेवून हे दहा वर्षांत झालं नसतं. लग्नाच्या पंगतीत, बारशात, गणपतीत बायका एकमेकींच्या मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप घालून देत होत्या.

पुढे दुसरा गुंतवणूकदार आला. त्यानं पहिला प्रश्न विचारला की इतक्या बंदरांवर इतक्या स्वस्तात तुम्ही पोचलात कशा? भाचीनं काकीला बोलावलं. काकीनं नातीगोती सांगायला सुरुवात केली आणि तासभर थांबली नाही. त्यानं वाट्यांना हात लावला नाही. त्यानंतरचं पेपरात आलं आहे, मी सांगायला नको.

नव्या गुंतवणुकीच्या कागदांवर सह्या करायला नऊजणी नव्या ऑफिसात आल्या, त्या दिवशी मीही गेले होते. जुन्या जाळ्यांच्या गोदामात ते ऑफिस आहे. काकीनं नवं लुगडं नेसलं होतं आणि सही करताना जीभ दातांत धरली होती. पेढे वाटून झाले. मी थट्टेनं भाचीला म्हटलं, "आनी माका वाटो नाय गो?"

ती पेढा खात होती. सहज म्हणाली, "तू खंय दोराक हात लावलंस, मावशे?"

तिच्या मनात काही नव्हतं. खोली हसली, मीही हसले. पण घरी येताना मला चक्क रडू आलं. पैशांसाठी नाही, पेन्शनमध्ये माझं व्यवस्थित चालतं. ती पडवीत बसून 'माझ्यावांगडा ये' म्हणाली होती आणि मी तिला गुणपत्रिका दिली होती, हे लागलं.

तर अशी ही सगळी हकिगत पोटात घेऊन मी कॉलेजात उभी राहिले. मागे फलकावर विषय रंगवला होता. मी कात्रण काढलं आणि एकेक गुण वाचून माझ्या फुल्याही वाचल्या. मुलं हसून लोटपोट. मग मी त्यांना सांगितलं की मला दिसलं ते एवढंच. ती एक प्रश्न तीन दिवस विचारायची. चूक कळली की वही काढायची. आणि एकटी पुढे जायची नाही. तिच्यासाठी ज्यांनी ओढलं त्यांना तिनं वाटा दिला, तीनच महिन्यांचे पैसे उरलेले असतानासुद्धा दिलेला परत मागितला नाही. बाकी संस्थापकांचं मला ठाऊक नाही.

प्रश्न विचारायची वेळ आली. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि साध्या कुतूहलानं म्हणाली, "बाई, मग तुमचा वाटा किती?"

मी म्हटलं, "काही नाही. मी काठावर होते."

या वेळी कोणी हसलं नाही. प्राचार्यांनी घाईघाईनं श्रीफळ दिलं.

दोन दिवसांनी सकाळी मी एसटीनं तोंडवलीला गेले. कोणाला सांगितलं नाही. रापण अर्धी ओढून झाली होती. साडीचा पदर खोचला, चपला सुरूखाली काढल्या आणि दोराला लागले. म्हातारा ओरडला, "बाईनू, रवा, हात सोलतले." मी म्हटलं, सोलू दे. दोर ओला, खरखरीत, वाळूनं भरलेला. पुढचा ओढत होता, मागचा ओढत होता, मला ओढावंच लागत होतं. तळव्यांची सालटं निघाली. कंबर तर पुढचे चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी म्हाताऱ्यानं पाच बांगडे माझ्या पिशवीत टाकले.

तिथून थेट ऑफिसात गेले. भाची फोनवर होती. मी पिशवी तिच्या टेबलावर ठेवली, खारं पाणी तिच्या कागदांवर गळलं. तिनं फोन ठेवला. मासे बघितले नाहीत. माझे हात ओढून घेतले आणि तळवे उलटे करून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, माझेही.

"मावशे," ती म्हणाली, "फाल्या नऊ वाजता ये. हैसर गणित कोणाकच येणा नाय."

तो सोमवार होता, म्हणून बांगडे फ्रीजमध्ये गेले. मंगळवारी मी पावणेनऊलाच जाऊन बसले.